कॅश मिळाली का?

परवा साताऱ्याहून धाकट्या भावोजींचा फोन आला. गेल्या उन्हाळ्यात मी अमेरिकेत लेकीकडे असताना नातीबरोबर जिओकॅशिंग शिकले, हे त्यांना कुणीतरी सांगितलेलं. म्हणाले, "वहिनी, ह्या वयात रानात हिंडलात म्हणे! मग, कॅश मिळाली का?" पलीकडे हशा पिकला. मीही हसले. पण फोन ठेवल्यावर वाटलं, उत्तर द्यायला हवं होतं. तेव्हा इथेच देते... भावोजी हा ब्लॉग वाचतात, मला ठाऊक आहे!

आधी खेळ सांगते. इथे 'कॅश' म्हणजे रोकड नव्हे, दडवून ठेवलेली वस्तू. कुणीतरी एक डबा लपवतो, त्यात नावं लिहायला वही ठेवतो आणि जागेचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर जाहीर करतो. आपण जीपीएसच्या मदतीने जायचं, डबा शोधायचा, वहीत सही करायची आणि डबा होता तसाच परत ठेवायचा. आतली एखादी वस्तू घेतलीत तर तेवढ्याच मोलाची आपली ठेवायची. म्हणजे हिशोबाने पाहिलं तर मिळकत शून्य!

पूर्वी अमेरिकन सरकार सामान्य लोकांच्या जीपीएसमध्ये मुद्दाम चूक घालत असे; शंभर मीटरचाही फरक पडे. २ मे २००० ला ती चूक काढून टाकली. दुसऱ्याच दिवशी डेव्ह उल्मर यांनी ओरेगॉनमधल्या बीव्हरक्रीकजवळ एक बादली लपवली. आत पुस्तकं, थोडे पैसे, गलोल, घेवड्याचा डबा असं काहीबाही. आकडे दिले ४५ अंश १७.४६० मिनिटे उत्तर, १२२ अंश २४.८०० मिनिटे पश्चिम. तीन दिवसांत दोघांनी ती शोधलीसुद्धा. आता तिथे स्मृतिफलक आहे. लेकीचं घर पोर्टलंडजवळच, म्हणून आम्ही तो बघायला गेलो.

तिथे उभी राहिले आणि मला गलबलून आलं. ४५ अंश म्हणजे विषुववृत्त आणि ध्रुव यांच्या जवळजवळ मधोमध! अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे सुमारे १.८५ किलोमीटर, म्हणून त्या तीन दशांश स्थळांतला शेवटचा आकडा म्हणजे जेमतेम दोन मीटर. नातीला मी चार पावलं उत्तरेला चालवलं. फोनवरचा आकडा बदलला. ती किंचाळली, "आजी, मी रेघ ओलांडली!"

चौतीस वर्षं मी भूगोल शिकवला. एकदा एका मुलाने विचारलं होतं, "बाई, ही रेघ आपल्या शाळेतून कुठून जाते?" मी म्हटलं होतं, "परीक्षेला येत नाही ते. बस खाली." तो बसला. पुन्हा त्याने कधी काही विचारलं नाही.

भावोजी, 'कॅश मिळाली का', 'किती मार्कांना आहे' आणि 'उपयोग काय' हे तिन्ही प्रश्न एकाच घरचे. त्यांनी आपल्या मुलांचा भूगोल मारला, आणि मारणाऱ्यांत मी होते. हा रोग खेळातही शिरतोच म्हणा. आकडा वाढवायला सही न करताच 'सापडलं' म्हणून नोंदवणारे तिथेही आहेत!

कुणाला सुरुवात करायची असेल तर माझा अनुभव सांगते. कठीणपणा आणि वाट दोन्हींना एकच तारा असलेला, आकाराने बरा डबा निवडा. (बोटाच्या पेराएवढे चिमुकलेही असतात, त्यांच्या नादी लागू नका.) आधीच्या लोकांच्या नोंदी वाचा, हल्ली कुणालाच सापडला नसेल तर कदाचित डबाच नाहीसा झालेला असतो. स्वतःचं पेन न्या. खणू नका, तसा नियमच आहे. आणि दहा मीटर उरले की फोन खिशात घाला! झाडांखाली आकडा नाचत राहतो. आमच्या पहिल्या शोधात नात त्या आकड्यामागे गोल गोल फिरत होती. फोन काढून घेतला तेव्हा तिला ओंडक्याखाली कुणीतरी नीट रचलेल्या साली दिसल्या. त्यामागे डबा!

आपल्याकडे स्टेशनात, बाजारात असा डबा ठेवू नये. बेवारस वस्तू म्हणून पोलीस धावतील, आणि ते बरोबरच आहे. जागामालकाला विचारूनच ठेवावा. पण डबा नसला म्हणून काय अडतं? शाळेच्या फाटकाचे आकडे द्या आणि मुलांना शोधायला सोडा. फोन आता घरोघरी आहेत. नसते ते फक्त 'जा, बघून ये' म्हणणारं माणूस.

असो. भावोजी, यंदा दिवाळीला या. चकलीचा डबा कुठे आहे ते सांगणार नाही, आकडे देईन. पेन घेऊन या!