मोठी ऑर्डर आली म्हणून चव बदलू नका!



नवीन उद्योजकांची एक सवय मला खटकते. मोठा कस्टमर आला की ते आधी स्वतःची ओळखच पुसायला घेतात. घरगुती लोणचं विकणारी ताई हॉटेलची ऑर्डर मिळताच बाजारातल्या ब्रँडसारखी चव करायला जाते. अहो, त्याला ब्रँडचंच लोणचं हवं असतं तर तो तुमच्या दारात आला असता का?

उदाहरण जरा लांबचं आहे, पण कामाचं आहे. व्हँजेलिस हे ग्रीक संगीतकार. लंडनमध्ये स्वतःच्या स्टुडिओत सिंथेसायझरवर काम करायचे. दिग्दर्शक ह्यू हडसन यांच्या जाहिरातींना त्यांनी संगीत दिलं होतं. पुढे हडसन यांनी १९८१ चा ‘चॅरियट्स ऑफ फायर’ त्यांनाच दिला. गोष्ट १९२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकची. जुना काळ म्हटलं की वाद्यवृंदच हवा, असं कुणालाही वाटेल. व्हँजेलिस यांनी मात्र आपला सिंथेसायझर सोडला नाही, जोडीला पियानो घेतला. १९८२ मध्ये त्या संगीताला ऑस्कर मिळालं!

यातून मी तीन गोष्टी घेतो.

एक, छोटं काम हेच तुमचं सॅम्पल. जाहिरातीचं काम चोख झालं, म्हणून पुढचा विश्वास बसला.

दोन, वेगळेपण म्हणजे हट्ट नव्हे. सिनेमाचं संगीत प्रसंगाच्या मापात बसावंच लागतं. तसंच पॅकिंग, वजन, डिलिव्हरीची वेळ कस्टमर म्हणेल तशी ठेवा. चव मात्र तुमचीच.

तीन, हक्काचं आधी ठरवा. व्हँजेलिस यांचाच ‘ब्लेड रनर’ १९८२ मध्ये आला, पण त्यांचा स्वतःचा अधिकृत अल्बम निघाला थेट १९९४ मध्ये. तोवर दुकानात दुसऱ्या वाद्यवृंदाने वाजवलेली आवृत्ती होती. बारा वर्षं! तुमचं लोणचं उद्या हॉटेलच्या लेबलखाली विकलं जाणार का? रेसिपी कुणाची? नाव कुणाचं? दराची बोलणी करतानाच हे कागदावर घ्या.

काहीजण म्हणतील, “सर, आधी ऑर्डर तर मिळू दे!” मान्य, पोट महत्त्वाचं. पण ओळख विकून मिळालेली ऑर्डर टिकत नाही. तुमच्यासारखाच माल दोन रुपये स्वस्त देणारा भेटला की कस्टमर निघाला.

आज एक काम करा. कस्टमर तुमच्याकडेच का येतो, ते एका वाक्यात लिहून काढा. ते वाक्य सापडलं की काय बदलायचं आणि काय नाही, हे आपोआप कळेल.