गवत कापायच्या गाडीवरून

जानेवारी २०२५ मध्ये डेव्हिड लिंच गेला, तेव्हा सगळीकडे त्याच्या विचित्र, अंगावर येणाऱ्या सिनेमांबद्दल लिहून आलं. मला मात्र त्याचा १९९९ चा 'द स्ट्रेट स्टोरी' आठवला. परवा रात्री तो पुन्हा बघितला.

आयोवातल्या लॉरेन्स गावचा ७३ वर्षांचा आल्विन स्ट्रेट. दोन काठ्या टेकत चालतो, नजर अधू, त्यामुळे गाडीचं लायसन्स नाही. शेजारच्या विस्कॉन्सिन राज्यात राहणाऱ्या भावाशी, लाइलशी, दहा वर्षं अबोला. एके रात्री फोन येतो, लाइलला स्ट्रोक आलाय. मग हे आजोबा हिरवळ कापायच्या, बसून चालवायच्या यंत्राला मागे ट्रेलर जोडतात आणि निघतात! पहिलं यंत्र वाटेत बंद पडतं. घरी परत आल्यावर ते त्याला सरळ गोळी घालतात, १९६६ चं जुनं जॉन डिअर विकत घेतात आणि पुन्हा रस्त्याला लागतात. अंतर सुमारे २४० मैल, वेग ताशी जेमतेम ५ मैल. गोष्ट खरी आहे. खऱ्या आल्विनने १९९४ च्या उन्हाळ्यात असाच प्रवास केला आणि त्याला सहा आठवडे लागले.

वाटेत घरातून पळालेली एक पोरगी भेटते. तिला आल्विन एकेकटी काठी मोडते पण मोळी मोडत नाही ही गोष्ट सांगतो. आपण शाळेत वाचली तीच. आयोवातल्या म्हाताऱ्याच्या तोंडून ती ऐकताना उगाच घरचं कोणी भेटल्यासारखं वाटलं.

पुढे यंत्राचे ब्रेक निकामी होतात. एक भला माणूस म्हणतो, मी सोडतो तुम्हाला गाडीने. आल्विन नम्रपणे नाही म्हणतो. पहिल्यांदा बघताना मला हा निव्वळ हट्टीपणा वाटला होता. भाऊ आजारी आहे आणि तुम्हाला कसला मान पडलाय? आता तसं वाटत नाही.

कारण मधल्या काळात काका गेले. बाबा आणि काका गावच्या घराच्या वाटणीवरून चौदा वर्षं बोलत नव्हते. बातमी आली आणि आम्ही गाडी काढली. साडेतीन तासांत पोचलो. चौदा वर्षं ते अंतर साडेतीन तासांचंच होतं. बाबा वाटभर एक शब्द बोलले नाहीत. पोचल्यावर ओट्यावर बसून राहिले. आत जायला त्यांना बराच वेळ लागला.

तेव्हा कळलं, की माणूस पोचतो आणि मन मागे राहतं. आल्विनला ते सहा आठवडे मन पोचायलाच हवे होते. कोणी अनोळखी भेटलं की तो थोडंथोडं बोलतो. युद्धात चुकून आपल्याच माणसाला गोळी घातल्याचं सांगतो. भांडणात आपला ताठा होता, दारूही होती, हे एका पाद्र्यापाशी कबूल करतो. भावासमोर जाईपर्यंत बोलायचं असं काही उरलेलंच नसतं.

यावर कोणी म्हणेल, आणि वाटेत असताना लाइल गेला असता तर? बरोबर आहे. पण मला वाटतं, उशीर त्या यंत्राने केलाच नव्हता. उशीर त्याआधीच्या दहा वर्षांनी केला होता.

आल्विनचं काम करणारा रिचर्ड फार्न्सवर्थ शूटिंगच्या वेळी स्वतः कॅन्सरने आजारी होता. ७९ व्या वर्षी त्याला ऑस्करचं नामांकन मिळालं, आणि २००० च्या ऑक्टोबरमध्ये तो गेला. त्याचं ते अवघडून उठणं-बसणं नुसता अभिनय नव्हता, हे नंतर कळलं.

शेवटी लाइल वॉकर धरून बाहेर येतो. यंत्राकडे बघतो. एवढ्या लांब ह्याच्यावर आलास, असं विचारतो. आल्विन हो म्हणतो. माफी नाही, मिठी नाही, वाटणीचा हिशोब तर नाहीच. दोघं आकाशाकडे बघत बसतात. सिनेमा संपतो.

हा सिनेमा बाबांना दाखवावा का, असा विचार मनात आला होता. नाही दाखवला. त्यांना त्यातलं सगळं माहीत आहे. बघायला हवा तो मी. धाकट्या भावाला मी गेल्या दिवाळीपासून फोन केलेला नाही. कारण विचाराल तर सांगायला लाज वाटावी इतकं किरकोळ आहे.

असो. रविवारी जाऊन येतो. फोन नाही करत, जातोच.