शेषकाळातील सायकलप्रवास : अंबा नदीचे खोरे

कार्तिकी पौर्णिमेला चातुर्मासाची सांगता होते आणि साधू-साध्वींचा विहार पुन्हा सुरू होतो. चार महिने एका गावी स्थिरावलेली पावले रस्त्याला लागतात. कोकणात सायकलने फिरण्याचा उत्तम काळही याच सुमारास सुरू होतो, आणि तो निव्वळ योगायोग नव्हे. पावसाळ्यात रस्ताच जीवसृष्टीने भरून गेलेला असतो. खेकडे, बेडूक, गोगलगायी, पैसे हे सारे डांबरावर येतात आणि कितीही जपून चालले तरी विराधना टळत नाही. जमीन सुकली, गवत पिवळे पडले, म्हणजे वाट चालणाऱ्यासाठी मोकळी होते.

व्यापारी कुटुंबांतील तरुण मंडळी अलीकडे सुट्टीच्या दिवशी सायकल घेऊन शहराबाहेर पडू लागली आहेत. घरातील वडीलधाऱ्यांच्या मनात त्याविषयी तीन शंका असतात : वाटेत खाण्यापिण्याचे नियम कसे पाळणार, सूर्यास्तापूर्वी मुक्कामी कसे पोहोचणार आणि भरधाव वाहनांतून सुखरूप कसे येणार. तिन्ही शंका योग्य आहेत. रायगड जिल्ह्यातील पाली आणि तिच्या भोवतीचे अंबा नदीचे खोरे हे उदाहरण घेतले, तर पहिल्या दोन शंकांचे समाधान सहज होते. तिसरीचे होत नाही. म्हणूनच तिचा विचार अधिक केला पाहिजे.

पाली हे सुधागड तालुक्याचे मुख्य ठिकाण. अष्टविनायकांपैकी बल्लाळेश्वराचे स्थान म्हणून ते महाराष्ट्रभर परिचित आहे. एका बाजूस सरसगडाचा कातळ आणि दुसऱ्या बाजूस अंबा नदी, अशी गावाची बैठक. नदी बोरघाटाच्या परिसरात उगम पावते, जांभूळपाड्यावरून नैर्ऋत्येकडे येते, नागोठण्यानंतर वायव्येस वळते आणि धरमतरच्या खाडीस मिळते. पूर्वेस सह्याद्रीची भिंत, तिच्या पायथ्याशी साग, ऐन, किंजळ यांचे रान, त्यात ठाकर व कातकरी वाड्या आणि नदीकाठी भातखाचरे असा हा प्रदेश आहे. भात कापून झाले की जमिनीतील उरलेल्या ओलाव्यावर वाल पेरले जातात; पाण्याची पाळी न देता येणारे हे कडधान्य येथील कुटुंबांच्या हाती थोडा पैसा देऊन जाते.

मोटारीने येणारा भाविक दर्शन घेतो, पोह्याचे पापड आणि कोकमाचे सरबत विकत घेतो आणि परततो. खोरे त्याला दिसतच नाही. वास्तविक व्यापारी समाजाने पाहावे असे येथे पुष्कळ आहे. देशावरचा माल वाघजाई, सवाष्णी अशा घाटवाटांनी बैलांच्या व माणसांच्या पाठीवरून खाली उतरे आणि नागोठण्याच्या बंदराकडे जाई. भरतीच्या पाण्यावर होड्या नदीतून तेथवर येत असत. नागोठण्याचा जुना दगडी पूल त्या वाहतुकीची साक्ष आजही देतो. घाटवाटांच्या तोंडाशी ठाणाळे आणि खडसांबळे येथे बौद्ध लेणी आहेत. ठाणाळ्यास तेवीस लेण्यांचा समूह आहे. वर्षाकाळी श्रमणांनी एका ठिकाणी राहावे, हा दंडक बौद्ध परंपरेनेही मानला होता. व्यापाऱ्याची वाट आणि श्रमणाचा निवारा यांचे नाते या डोंगरांत दोन हजार वर्षांचे आहे.

घाटाच्या वर आणि खाली असलेला हा संबंध राज्यकारभारातही टिकून होता. १९४८ पर्यंत सुधागड तालुका भोर संस्थानात मोडत असे. राजधानी देशावर आणि तालुका कोकणात! सुधागड किल्ल्यावर पंतसचिवांचा वाडा अजून उभा आहे. किल्ल्याच्या पायथ्याचे पाच्छापूर म्हणजे मूळचे पातशहापूर. औरंगजेबाचा बंडखोर पुत्र अकबर आणि छत्रपती संभाजी महाराज यांची भेट १६८१ मध्ये याच परिसरात झाली.

सायकलस्वाराने पाली हा मुक्काम धरावा आणि तेथून दररोज एक वाट घ्यावी. पहिला दिवस उन्हेऱ्याचा. गरम पाण्याची ही कुंडे गावापासून सुमारे तीन किलोमीटरवर आहेत. सायकलची आणि स्वाराची परीक्षा घेण्यास एवढे अंतर पुरे. दुसरा दिवस पाच्छापूरचा. सुमारे बारा किलोमीटरची ही वाट रानालगतच्या चढउतारांची आहे. तिसरा दिवस नाडसूर-ठाणाळ्याचा. सायकल गावात ठेवून लेण्यांपर्यंत रानवाटेने पायीच जावे लागते. माहितगार सोबत असावा. चौथा दिवस वाकणमार्गे नागोठण्याच्या पुलाचा. सरसगड आणि सुधागड चढायचे असल्यास त्यांना स्वतंत्र दिवस द्यावेत. संकष्टी, अंगारकी आणि माघातील उत्सव या दिवसांत पालीत अतोनात गर्दी होते, ते टाळावेत.

आता नियमांचा हिशेब. डिसेंबरात येथे सूर्योदय सातच्या आसपास आणि सूर्यास्त सहाच्या सुमारास होतो. नवकारशी करणाऱ्यास सूर्योदयानंतर अठ्ठेचाळीस मिनिटे पाणीही घेता येत नाही. म्हणून त्याने पावणेआठपूर्वी पायडल मारण्याची घाई करू नये. चौविहार करणाऱ्याने साडेचारपर्यंत मुक्कामी यावे, म्हणजे भोजन निवांतपणे उरकते. मध्ये जवळजवळ नऊ तास राहतात. दुपारचे तीन तास विश्रांतीस दिले आणि ताशी बारा किलोमीटरच धरले, तरी यांतील कोणतीही वाट जाऊन-येऊन पुरी होते. उकळलेल्या पाण्याची मर्यादा श्वेतांबर परंपरेत हिवाळ्यात चार प्रहरांची मानली आहे. सकाळी उकळून घेतलेले पाणी संध्याकाळपर्यंत चालते. खाकरे, भाजलेले चणे, सुके अंजीर एवढी शिदोरी पुरे. दोन पिशव्यांत मावेल तेवढेच सामान न्यायचे, हा अपरिग्रहाचा पाठ सायकल न सांगता शिकवते. जास्तीच्या प्रत्येक वस्तूचे वजन चढावर कळते.

यात काही नवे नाही. फ्रान्समधील सेंत-एतियेन गावी पॉल द व्हिव्ही (१८५३–१९३०) नावाचे रेशमाचे व्यापारी होते. त्यांनी व्यापार सोडून सायकलींचे दुकान काढले, १८८७ मध्ये सायकलस्वारांसाठी मासिक सुरू केले आणि ‘व्हेलोसिओ’ या टोपणनावाने ते सायकलपर्यटनाचे आद्य पुरस्कर्ते ठरले. ते शाकाहारी होते. भूक लागण्यापूर्वी थोडे खावे, तहान लागण्यापूर्वी पाणी प्यावे, अन्नावरची वासना उडेल इतके थकू नये, प्रवासात मद्य, मांस व तंबाखू वर्ज्य करावे आणि केवळ मिरवण्यासाठी सायकल चालवू नये, असे नियम त्यांनी घालून दिले. जैन घरातील आजोबांनी नातवास केलेला उपदेश याहून फारसा वेगळा नसेल.

राहिला तिसरा प्रश्न. खोपोलीहून पालीमार्गे वाकणला जाणारा रस्ता मुंबई-पुणे आणि मुंबई-गोवा या दोन मार्गांना जोडतो. त्यावर अवजड वाहनांची वर्दळ असते. खोपोली ते पाली हे सुमारे चाळीस किलोमीटर अंतर सायकलने कापण्याचा हट्ट नवख्याने धरू नये. सायकल वाहनातून पालीस आणावी. नागोठण्याच्या दिवशीही वाकणपुढे महामार्गाचाच भाग आहे. लहान मुलांनी तो दिवस वगळावा. पावसाळ्यात तर हे खोरे टाळावेच. जुलै १९८९ मध्ये अंबेच्या पुराने जांभूळपाड्यावर केलेला आघात येथील लोक विसरलेले नाहीत. घाटमाथ्यावर कोसळलेला पाऊस अरुंद खोऱ्यात किती वेगाने उतरतो, हे त्या दिवशी दिसले.

परंतु रस्त्याची कड हा केवळ सायकलस्वाराचा प्रश्न नाही. तिच्यावरून शाळेची मुले चालतात, मोळी डोक्यावर घेतलेल्या कातकरी स्त्रिया चालतात आणि शेषकाळात साधू-साध्वीही चालतात. पहाटेच्या अंधारात विहार करणाऱ्या साधू-साध्वींना वाहनांनी धडक दिल्याच्या घटना देशात वारंवार घडल्या आहेत. प्रत्येक वेळी समाज शोकसभा घेतो, निवेदने देतो, ते करावेच. तथापि ज्या कुटुंबांचा माल याच रस्त्यांवरून ट्रकने जातो, त्यांच्या हाती निवेदनाहून अधिक काही आहे. माल पहाटेपूर्वी पोहोचलाच पाहिजे, ही अट चालकावर कोण घालतो? उशीर झाल्यास भाड्यातून रक्कम कोण कापतो? वाहतूकदाराशी व्यवहार करताना दोन तास अधिक दिले, चालकास झोपेची सवड राहील असा वायदा ठरवला, तर त्याचा खर्च वहीत फार मोठा दिसत नाही. त्यातून वाचणारे जीव मात्र कोणत्याच वहीत मांडता येत नाहीत.

ईर्यासमिती म्हणजे पुढील चार हात जमीन पाहून पाऊल टाकणे. ती साधूंसाठी सांगितली असली, तरी तिचा अंश श्रावकालाही घेता येतो. पूर्वीचे व्यापारी दिग्व्रत घेऊन कोणत्या दिशेला किती दूर जायचे याची मर्यादा ठरवीत; आज अंतराबरोबर वेगाचीही मर्यादा ठरवण्याची वेळ आली आहे. ताशी ऐंशीच्या वेगाने जाणाऱ्याला चार हात जमीन दिसणे शक्यच नाही. सायकलवर ती दिसते : मुंग्यांची रांग दिसते, वाळत घातलेले वाल दिसतात, कडेने चालणारे माणूसही दिसते. चार दिवस रस्त्याच्या कडेने फिरलेला तरुण पुढे दुकानाच्या गादीवर बसेल, तेव्हा ट्रकचा वायदा ठरवताना ती कड त्याला आठवेल. त्या दृष्टीने वडीलधाऱ्यांनी त्याला एकदा अवश्य जाऊ द्यावे.