एक्स्प्लेनर : परदेशातून कायमचे परतताना गाडी सोबत आणावी का? कंटेनर बुक करण्याआधी हा हिशेब मांडा

डावीकडे स्टिअरिंग असेल तर विषय तिथेच संपतो. उजवीकडे असेल तरी गाडीच्या किमतीपेक्षा कर जास्त भरावा लागतो. नियम काय आहेत, सूट कुठे मिळते, आणि बहुतेकांसाठी गाडी तिथेच विकणे का शहाणपणाचे?

दुबई, लंडन किंवा न्यू जर्सीत दहा-बारा वर्षे काढून पुण्या-मुंबईला परतणाऱ्या कुटुंबाच्या घरात शेवटचे काही महिने याद्यांचे असतात. मुलांची शाळा, पीएफसारखे पैसे, फर्निचर, भांडी. याद्यांमध्ये एक प्रश्न हमखास असतो : गाडीचे काय करायचे? इकडून वडील फोनवर सांगतात, 'एवढी चांगली गाडी आहे, घेऊनच या की.' तिकडचा मित्र सांगतो, कंटेनरमध्ये अर्धी जागा रिकामीच जाणार आहे.

सल्ला प्रेमाचा असतो, पण तो ऐकण्याआधी चार नियम आणि एक आकडेमोड समोर ठेवायला हवी. ती मांडली की बहुतेकांचे उत्तर एकच येते : गाडी तिथेच विकावी. आणि जितक्या लवकर हे ठरेल, तितके नुकसान कमी.

आधी हे चार प्रश्न विचारा

भारतात वापरलेली गाडी आणण्यावर विदेश व्यापार महासंचालनालय म्हणजे डीजीएफटीच्या अटी आहेत. त्यांपैकी एकही पूर्ण होत नसेल तर पुढचे काही वाचायची गरज नाही.

• स्टिअरिंग उजवीकडे आहे का? अमेरिका, कॅनडा, जर्मनी, यूएई, सौदी, कतार, ओमान, कुवेत, बहारीन या सगळ्या देशांत स्टिअरिंग डावीकडे असते. म्हणजे आखात आणि अमेरिकेतून परतणाऱ्यांचा मोठा वर्ग इथेच बाद होतो. प्रश्न उरतो तो ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, सिंगापूर, मलेशिया, जपान, दक्षिण आफ्रिका, केनिया अशा देशांतून येणाऱ्यांपुरता.

• गाडी ३ वर्षांच्या आतली आहे का? ही ३ वर्षे शोरूममधून घेतल्यापासून मोजत नाहीत, कारखान्यात बनल्यापासून मोजतात. डीलरकडे गाडी काही महिने उभी असेल तर ते महिनेही वयात धरले जातात. बोटीचा प्रवास आणि कागदपत्रांचा वेळ वेगळा.

• गाडी भारतीय रस्त्याच्या नियमांत बसते का? स्पीडोमीटर किलोमीटरमध्ये हवा, हेडलाइटचा झोत डाव्या बाजूने चालणाऱ्या वाहतुकीला साजेसा हवा, गाडी पुढची किमान ५ वर्षे रस्त्यावर चालण्याजोगी हवी आणि तिच्या सर्व्हिसची सोय भारतात हवी. ब्रिटनमध्ये वेग मैलांत मोजतात, त्यामुळे तिथून येणाऱ्यांना पहिल्याच अटीकडे लक्ष द्यावे लागते. गाडी बोटीवर चढण्याआधी तपासणीचे प्रमाणपत्र आणि उतरल्यावर भारतातल्या मान्यताप्राप्त संस्थेची चाचणी, अशी दोन दारे ओलांडावी लागतात.

• गाडी मुंबईत उतरणार आहे का? वापरलेली गाडी मुंबईच्याच बंदरातून आणता येते. पुणेकरांना हे सोयीचे, पण चेन्नई किंवा कोचीचा स्वस्त कंटेनर मिळाला म्हणून तिकडे उतरवता येत नाही.

'घरसामान' म्हणून गाडी सुटत नाही

सगळ्यात मोठा गैरसमज इथे आहे. कायमचे राहायला परतणाऱ्यांना 'ट्रान्सफर ऑफ रेसिडेन्स' या नावाने वापरलेल्या घरसामानावर करात सवलत मिळते. त्यामुळे अनेकांना वाटते की फ्रिज, वॉशिंग मशीन जसे सुटते तशी गाडीही सुटेल. तसे होत नाही. मोटारगाडीला बॅगेजच्या नियमांचा आधार नाही. परतणाऱ्याला गाडी आणता येते, पण पूर्ण कस्टम ड्युटी भरूनच.

दुसरा गैरसमज किमतीबद्दल. 'तिथे मला आता गाडीचे फार पैसे मिळणार नाहीत, म्हणजे ड्युटीही कमी लागेल,' असा तर्क लावला जातो. कस्टम्स मात्र तुमची विक्रीची किंमत धरत नाही. गाडी नवी असतानाची किंमत घेऊन त्यातून ठरलेल्या दराने घसारा वजा होतो. पहिल्या वर्षी दर तिमाहीला ४ टक्के, दुसऱ्या वर्षी ३ टक्के, तिसऱ्या वर्षी अडीच टक्के. मग त्यात बोटीचे भाडे आणि विमा मिळवला जातो. या बेरजेवर ड्युटी बसते. म्हणजे वाहतुकीच्या खर्चावरही कर भरायचा.

उदाहरणासाठी एक हिशेब

समजा, ब्रिटनमधून पुण्याला परतणाऱ्या एका जोडप्याची गाडी अडीच वर्षांची आहे. नवी असताना तिची किंमत ३० लाख रुपयांइतकी होती. बोटीचे भाडे आणि विमा मिळून २ लाख धरू.

• अडीच वर्षांचा घसारा : १६ + १२ + ५ = ३३ टक्के
• घसारा जाऊन उरलेली किंमत : २०.१ लाख
• भाडे, विमा धरून : २२.१ लाख

वापरलेल्या गाडीवरची कस्टम ड्युटी किमतीच्या १०० टक्क्यांहून जास्त आहे. तरी सोपे जावे म्हणून नेमके १०० टक्केच धरू.

• ड्युटीसह किंमत : ४४.२ लाख
• त्यावर मोठ्या गाडीचा ४० टक्के जीएसटी : १७.६८ लाख
• एकूण : जवळपास ६२ लाख

यातला कर किती? सुमारे ४० लाख. तोही ड्युटी कमी धरून. प्रत्यक्षातला आकडा याच्या वरच जाईल. शिवाय क्लिअरिंग एजंटची फी, चाचणीचा खर्च, कागद अडकले तर बंदरातले साठवणुकीचे भाडे, मग आरटीओत नोंदणी. महाराष्ट्रात आयात गाडीचा रस्ता कर देशी गाडीपेक्षा चढ्या दराने आहे.

मराठीत याला चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात. ६२ लाखांत इथल्या शोरूममधून नवी, पूर्ण वॉरंटीची गाडी येते, आणि बरेच पैसे घर लावायला उरतात.

भारत-ब्रिटन व्यापार करारामुळे गाड्या स्वस्त होणार, हेही हल्ली ऐकू येते. २४ जुलै २०२५ रोजी सही झालेल्या या करारातली मोटारींची सवलत कोटा ठरवून दिलेली आहे. वापरलेली गाडी घेऊन परतणाऱ्याने त्या भरवशावर गणित मांडू नये.

कार्नेटची पळवाट का नाही?

आखाती नंबरप्लेटची गाडी भारतात फिरताना अनेकांनी पाहिली असेल. ती बहुधा 'कार्नेट' या कागदावर आलेली असते. परदेशातल्या ऑटोमोबाइल क्लबने हमी दिली की गाडी ड्युटी न भरता तात्पुरती आणता येते. पण ती ठरलेल्या मुदतीत, साधारण ६ महिन्यांत, देशाबाहेर न्यावीच लागते. सहलीसाठी ही सोय उत्तम आहे. कायमच्या परतणाऱ्यासाठी तिचा उपयोग नाही. मुदत उलटली तर ड्युटीचा बोजा हमी देणाऱ्या क्लबमार्फत फिरून मालकाच्याच डोक्यावर येतो.

नियम इतका कडक का?

यामागे कारण आहे. जपानमधल्या जुन्या गाड्यांनी केनिया आणि न्यूझीलंडसारख्या देशांची बाजारपेठ व्यापली. चाकण, नाशिक, छत्रपती संभाजीनगर इथल्या कारखान्यांवर आणि सुट्या भागांच्या शेकडो छोट्या युनिटवर लाखो घरे चालतात. परदेशातल्या जुन्या गाड्यांना दार उघडले तर पहिला फटका तिथे बसेल. हवेच्या प्रदूषणाचा मुद्दा वेगळाच.

म्हणून ड्युटी कमी करा, अशी मागणी पटण्यासारखी नाही. पण गाड्यांचा धंदा करणारा व्यापारी आणि आपली एकच गाडी घेऊन घरी येणारे कुटुंब यांना एकाच तराजूत तोलताना सरकारने किमान एक गोष्ट करायला हवी. डीजीएफटीच्या अटी, कस्टम्सचा घसारा, जीएसटीचा दर आणि आरटीओचा कर हे सगळे एकाच पानावर, मराठीसह भारतीय भाषांत, अंदाजित रकमेसह दिसायला हवे. आज हे तुकडे वेगवेगळ्या खात्यांत विखुरलेले आहेत. त्या फटीत एजंटचे 'काळजी करू नका, होऊन जाईल' हे वाक्य चालते. गाडी बंदरात अडकल्यावर ते वाक्य कोणी लिहून दिलेले नसते, आणि गाडी परत पाठवायचा खर्चही मालकालाच पडतो.

मग गाडी कोणी आणावी?

काहींसाठी उत्तर वेगळे असू शकते. घरातल्या दिव्यांग व्यक्तीसाठी खास बदल करून घेतलेली गाडी असेल आणि तशी सोय इथे सहज होणार नसेल, तर विचार करावा आणि सवलतीची चौकशी आधी लेखी करावी. दुर्मीळ मॉडेलचा शौक असेल आणि करासाठी पैसे बाजूला असतील, तर तो ज्याचा त्याचा प्रश्न. मात्र नेमके तेच मॉडेल भारतात विकले जाते का, हे पाहावे. नाव तेच असले तरी इंजिन, सस्पेन्शन आणि सुटे भाग देशागणिक बदलतात. एका बंपरसाठी महिनाभर थांबायची तयारी हवी.

तिथेच विकायची असेल तर

खरे नुकसान गाडी न आणल्याने होत नाही, उशिरा ठरवल्याने होते. विमानाच्या आदल्या आठवड्यात विकायला निघालेल्या माणसाची घाई गिऱ्हाईक लगेच ओळखते.

• ६ महिने आधी निर्णय घ्या. सर्व्हिसच्या पावत्या एकत्र करा, दोन-तीन ठिकाणी किंमत काढा.
• गाडीवर कर्ज असेल तर ते आधी फेडा. यूएईत बँकेचा बोजा उतरल्याशिवाय आणि वाहतुकीचे दंड भरल्याशिवाय गाडी दुसऱ्याच्या नावावर होत नाही.
• ब्रिटनमध्ये विक्री झाली की डीव्हीएलएला लगेच कळवा. उरलेल्या पूर्ण महिन्यांचा वाहन कर परत मिळतो.
• सिंगापूरमध्ये नोंदणी रद्द करताना सीओईच्या उरलेल्या मुदतीचा परतावा मिळतो का, ते पाहा.
• शेवटचे दोन आठवडे भाड्याची गाडी घ्या. घाईत विकून होणाऱ्या तोट्यापेक्षा ते भाडे बहुधा कमीच असते.
• विमा कंपनीकडून 'नो क्लेम' असल्याचे पत्र घ्या. परदेशात मिळवलेला नो क्लेम बोनस ठरावीक मुदतीत भारतातल्या नव्या पॉलिसीवर लावण्याची तरतूद इथल्या मोटार विमा नियमांत आहे.

मुलाला दवाखान्यातून पहिल्यांदा घरी आणले ते त्याच गाडीतून, आई-बाबा भेटायला आले तेव्हा सगळा देश दाखवला तोही तिच्यातूनच. अशी गाडी विकताना जीव तुटतो, हे खरे. तिचा फोटो जरूर आणावा. ४० लाखांचा कर मात्र घराच्या हप्त्याला किंवा मुलांच्या शिक्षणाला जास्त उपयोगी पडेल.