घराला चाकं आली, घरकामाचं काय?

पुरुष नोकरीतून निवृत्त होतो तेव्हा त्याला शाल-श्रीफळ मिळतं, चार माणसं चांगलं बोलतात. संध्याकाळी तीच माणसं घरी येतात तेव्हा चहा-फराळ कोण करतं, हे आपल्याला कोणी सांगायला नको. नोकरीला निवृत्तीचं वय असतं, घरकामाला नसतं. हे आपण गटांत आणि शिबिरांत पुष्कळदा बोललो आहोत. मग पुन्हा का लिहायचं? कारण अमेरिकेतल्या निवृत्त जोडप्यांची एक वेगळी राहणी मला जवळून बघायला मिळाली आणि आपला हा जुना प्रश्न तिथे अगदी स्पष्ट दिसला. घर सोडून बाहेर पडलं की घरकाम सुटतं का? आणि सुटत नसेल तर नेमकं कुठे अडतं?

माझी मुलगी ॲरिझोना राज्यात राहते. गेले काही हिवाळे मी तिच्याकडे जाते. या वाळवंटी राज्यातला हिवाळा सौम्य असतो, म्हणून उत्तरेकडच्या बर्फाळ राज्यांतून आणि कॅनडातून त्या दिवसांत पुष्कळ म्हातारी माणसं इथे मुक्कामाला येतात. त्यांना ‘स्नोबर्ड’, म्हणजे बर्फातले पक्षी, म्हणतात. त्यातली कितीतरी जोडपी आपलं घरच बरोबर घेऊन येतात. कोणाची एसटीएवढी मोठी मोटार, कोणाचा गाडीमागे जोडलेला डबा. आत ओटा, शेगडी, फ्रीज, पलंग, संडास, न्हाणी, सगळं. याला ‘रिक्रिएशनल व्हेईकल’, बोलताना ‘आरव्ही’ म्हणतात. काही जोडपी राहतं घर विकून बारा महिने अशा गाडीतच राहतात. सोबतीला बहुतेकांकडे एक कुत्रा. मुलीच्या वसाहतीपलीकडेच अशा गाड्यांचा तळ आहे. सकाळच्या फिरण्यात आणि तळावरच्या कपडे धुण्याच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसून मी तिथल्या बायकांशी भरपूर गप्पा मारल्या.

या राहणीत आनंद आहे, हे आधी मोकळेपणाने सांगते. तिकडे ६२ वर्षं पूर्ण झालेल्या नागरिकाला राष्ट्रीय उद्यानांचा तहहयात पास मिळतो. २०१७ पासून त्याची किंमत ८० डॉलर आहे. तो घेऊन ही माणसं ग्रँड कॅन्यनची दरी बघतात, यलोस्टोनमधले उकळत्या पाण्याचे फवारे बघतात. म्हातारपण म्हणजे नातवंडं, औषधं आणि देवदर्शन एवढंच नाही, हे त्यांच्याकडे बघून पटतं. सत्तरीची एक बाई मला म्हणाली, “चाळीस वर्षं मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून एकच कुंपण बघितलं. आता त्याच खिडकीतून रोज नवीन डोंगर दिसतो.” तिचा आनंद खरा होता. पण ती खिडकी अजूनही ओट्यासमोरचीच आहे, ही गोष्टही माझ्या मनातून जाईना.

आता कुत्र्याचं बघा. अमेरिकेतल्या राष्ट्रीय उद्यानांत कुत्र्यासाठी कडक नियम आहेत. दोरी सहा फुटांपेक्षा लांब चालत नाही. ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण काठावरच्या वाटेवर दोरी लावून त्याला नेता येतं, पण काठाखाली, म्हणजे दरीत उतरणाऱ्या वाटांवर, बंदी आहे. यलोस्टोनमध्ये तर पायवाटांवर आणि फवाऱ्यांभोवतीच्या लाकडी वाटांवर कुत्र्याला नेताच येत नाही. रस्ता, वाहनतळ आणि मुक्कामाची जागा यांपासून शंभर फुटांच्या आतच त्याला फिरवायचं. नियम योग्यच आहेत, जंगली प्राण्यांचा विचार त्यामागे आहे. पण मग दरीत उतरायचं असेल, फवारा जवळून बघायचा असेल, तेव्हा कुत्र्यापाशी कोण थांबतं?

हा प्रश्न मी तळावरच्या बऱ्याच जोडप्यांना विचारला. नवरे म्हणाले, “आम्ही पाळी लावतो.” बायकांना एकेकटं विचारलं तर उत्तर वेगळं आलं. “त्याला दरीत उतरायची फार हौस. मी वरूनच बघितली.” “माझे गुडघे दुखतात, मीच म्हटलं तुम्ही जा.” “कुत्रा माझ्याशिवाय राहत नाही हो.” हे शेवटचं वाक्य ऐकून मला हसू आलं आणि वाईटही वाटलं. आपल्याकडे नातवंडांच्या बाबतीत साठीच्या बायका हेच वाक्य म्हणतात. जो जीव लावतो त्याच्या अंगावर काम पडतं, आणि मग ते काम न राहता त्याचा स्वभाव ठरतो. एका जोडप्याने मात्र फ्रीजवर कागदच लावला होता. सोमवारी ती फिरणार, मंगळवारी तो. ज्या दिवशी दोघांनाही जायचं असेल त्या दिवशी पैसे भरून कुत्र्याला सांभाळायला ठेवायचं. ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण काठावर तशी सोय आहे. ती बाई दरीत उतरून आली होती. प्रेमाला बाधा न आणता एका कागदाने हे काम केलं.

याच तळावर मी आणखी एक गोष्ट पाहिली आणि चकित झाले. या गाड्यांना खाली दोन टाक्या असतात, एक सांडपाण्याची आणि एक मैल्याची. त्या भरल्या की ठरलेल्या जागी गाडी नेऊन जाड नळी जोडायची, झडप उघडायची, आधी मैल्याची टाकी रिकामी करायची आणि मग सांडपाण्याची, म्हणजे त्या पाण्याने नळी धुऊन निघते. हे काम जवळजवळ प्रत्येक गाडीत नवरा करतो. रबरी हातमोजे घालून, तक्रार न करता, शेजाऱ्याला नळीची माहिती देत देत करतो. आयुष्यभर ज्यांनी घरातला संडास घासला नसेल तेही करतात.

असं का होतं? मला वाटतं, त्या कामात नळी आहे, झडप आहे, यंत्र आहे, म्हणून ते ‘पुरुषाचं’ ठरलं. शिवाय त्याला नाव आहे, पद्धत आहे, वेळ ठरलेली आहे, आणि ते संपतं. आतली फरशी पुसणं, चार भांडी रोज विसळणं, छोट्या फ्रीजमुळे दर दोन-तीन दिवसांनी बाजार करणं, कुत्र्याचे केस झाडणं यांना ना नाव ना शेवट. म्हणजे घाणीची किळस हे कारण नव्हतंच कधी. आपल्या देशात तर हे आणखी कडवट आहे. माणसाने माणसाचा मैला हाताने उचलू नये म्हणून १९९३ साली आणि पुन्हा २०१३ साली कायदा करावा लागला. ते काम जातीने ठरावीक समाजाच्या माथी मारलं, आणि त्यातही कोरडे संडास साफ करण्याचं काम मुख्यतः बायकांच्या. कोणतं काम कोणाचं, हे कामावरून ठरत नाही. कोणाचा मान ठेवायचा आणि कोणाचा नाही, यावरून ते ठरतं.

आता स्टिअरिंगचा प्रश्न. एसटीएवढी गाडी चालवणं सोपं नाही. कॅलिफोर्निया राज्यात चाळीस फुटांपेक्षा लांब गाडीसाठी वेगळा परवाना काढावा लागतो. बहुतेक जोडप्यांत नवरा चालवतो आणि बायको शेजारी बसून नकाशा बघते, गाडी मागे घेताना खाली उतरून हात करते. तळावरच्या एका बाईने सांगितलेली हकिगत मी विसरू शकत नाही. वाटेत नवऱ्याच्या छातीत दुखायला लागलं. मदत वेळेवर आली, तो वाचला. पण त्याला रुग्णालयात नेलं तेव्हा हिचं घर महामार्गाच्या कडेला उभं होतं, आत कुत्रा, औषधं, कागदपत्रं, सगळं, आणि तिला ते घर हलवता येत नव्हतं. मुलगा दुसऱ्या राज्यातून येईपर्यंत ती अनोळखी माणसांच्या भरवशावर होती. साधी मोटार ती पन्नास वर्षं चालवत आली होती. ही गाडी चालवून बघ, असं तिला कधी कोणी म्हटलं नव्हतं, आणि तिनेही मागितली नव्हती.

आपल्याकडे अशी मोटार नसेल, पण चालवता न येणारं घर कितीजणींचं आहे! बँकेचं खातं, विम्याचे कागद, घराचा करार कुठे आहे हे नवरा गेल्यावर शोधायला लागलेल्या बायका प्रत्येक गटात आहेत.

पैशाचं गणित तिकडेही बाईच्या विरुद्धच जातं. अमेरिकेत सोशल सिक्युरिटी नावाची पेन्शन आहे. तिचा कायदा १९३५ सालचा. पेन्शन ठरवताना सगळ्यात जास्त कमाईची ३५ वर्षं धरतात. तेवढी वर्षं भरली नाहीत तर कमी पडलेल्या प्रत्येक वर्षासमोर शून्य. मुलं वाढवण्यात, सासू-सासऱ्यांचं किंवा आई-वडिलांचं आजारपण काढण्यात गेलेली वर्षं म्हणजे ही शून्यं! स्वतःची पेन्शन कमी असेल तर जोडीदाराच्या खात्यावर त्याच्या रकमेच्या जास्तीत जास्त निम्मी मिळू शकते. घटस्फोट झाला तर लग्न किमान दहा वर्षं टिकलेलं असावं लागतं. आणि दोघांपैकी एक गेलं की मोठी रक्कम चालू राहते, लहान बंद होते. गाडीचं डिझेल, तळाचं भाडं, दुरुस्ती मात्र निम्मी होत नाही.

म्हणून चाकांवरच्या घरात राहणाऱ्या सगळ्याच बायका हौसेने राहत नाहीत. जेसिका ब्रूडर या पत्रकार बाईने २०१७ साली ‘नोमॅडलँड’ नावाचं पुस्तक लिहिलं. त्यावरच्या चित्रपटासाठी क्लोई झाओ हिला २०२१ साली दिग्दर्शनाचं ऑस्कर मिळालं. २००८ च्या मंदीनंतर घरभाडं परवडेना म्हणून गाडीत राहायला गेलेली उतारवयातली माणसं त्या पुस्तकात आहेत. लिंडा मे ही त्यातली एक. साठी ओलांडलेली, जन्मभर कष्ट केलेली, पेन्शन तुटपुंजी. म्हणून ती कधी तळाची देखरेख करते, तर कधी गोदामात मालाची उचल-ठेव करते. एकाच प्रकारच्या गाडीत एकीला सहल आहे, दुसरीला निवारा. बाहेरून बघणाऱ्याला दोघी सारख्याच ‘स्वच्छंद’ दिसतात.

पण तिकडच्या बायका हातावर हात धरून बसलेल्या नाहीत. १९९१ साली ‘आरव्हीइंग विमेन’ ही फक्त बायकांची संघटना निघाली. एकट्या किंवा मैत्रिणींबरोबर गाडी घेऊन फिरणाऱ्या बायका त्यात एकत्र येतात, एकमेकींकडून शिकतात. के पीटरसन या नर्सने नवरा जो याच्याबरोबर १९७८ साली ‘एस्केपीज’ हा फिरत्या लोकांचा क्लब काढला. त्यातून पुढे टेक्सासमधल्या लिव्हिंगस्टन इथे एक केंद्र उभं राहिलं. म्हातारपणामुळे, आजारपणामुळे ज्यांना आता फिरणं जमत नाही त्यांनी आपली गाडी तिथे लावायची. जेवण, सफाई, धुणं, डॉक्टरकडे ने-आण हे सगळं केंद्राने बघायचं. मला यातली एक गोष्ट फार मोलाची वाटते. तिथे स्वयंपाक आणि धुणं ही ‘सेवा’ म्हणून मोजली जातात, त्यांना माणसं लागतात आणि दाम लागतो. जी कामं बाई साठ वर्षं फुकट करत आली, तीच कामं तिच्यासाठी दुसरं कोणी करायला लागलं की त्यांची किंमत दिसते.

आपल्याकडची स्थिती आकड्यांनी सांगायची तर, सरकारच्याच २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत घरातली बिनपगारी कामं करणाऱ्या बाईचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जात होते, पुरुषाची ९७. तेही जे पुरुष ही कामं करतात त्यांची. दिवसभरात असं एकही काम न करणारे पुरुष, म्हणजे चारातले जवळपास तीन, या सरासरीत नाहीतच. हा नवरा निवृत्त होऊन दिवसभर घरी राहिला की चहाचे कप वाढतात, हे आपण रोज बघतो.

म्हणून मैत्रिणींनो, साठीच्या आसपासच्या बायकांबरोबर एक बैठक मुद्दाम घ्यावी असं मी सुचवते. या वयाच्या बायका आपल्या गटांत सतरंज्या घालायला आणि स्वयंपाकाला असतात, पण त्यांचे प्रश्न आपल्या विषयपत्रिकेवर क्वचितच येतात. त्यांना उपदेश करायचा नाही, विचारायचं. नवरा निवृत्त झाला तेव्हा तुमच्या हातातलं कोणतं काम कमी झालं? तुमच्या नावावर काय आहे, आणि ते कागद कुठे ठेवले आहेत हे तुम्हाला ठाऊक आहे का? घर चालवायला लागणारी कोणती गोष्ट तुम्हाला येत नाही, आणि ती शिकवायला गटातली कोण तयार आहे? घरातल्या कामांची यादी भिंतीवर लावून त्यातली निम्मी त्यांच्यासमोर ठेवली तर काय होईल?

नळी जोडून टाकी रिकामी करायला जो पुरुष पासष्टाव्या वर्षी शिकतो, तो कुकर लावायलाही शिकू शकतो. वय झालं, आता सवय बदलत नाही, ही सबब यापुढे आपण ऐकून घेऊ नये.