पाठिंबा कोणाचा, मत कोणाचे?

ऑक्टोबर २०२२ मध्ये काँग्रेसने बावीस वर्षांनंतर अध्यक्षपदाची निवडणूक घेतली. शशी थरूर यांनी नागपूरच्या दीक्षाभूमीवरून प्रचारास आरंभ केला; समाजमाध्यमांवर त्यांचा बराच गाजावाजाही झाला. प्रत्यक्षात खर्गे यांना ७,८९७ मते पडली, थरूर यांना १,०७२. यात नवल ते काय? मताधिकार होता सुमारे ९,९०० प्रदेश प्रतिनिधींना. तळोद्याच्या पाड्यापाड्यांतून सभासदनोंदणी करणाऱ्या साध्या कार्यकर्त्याला नव्हे. ब्रिटिश मजूर पक्षाने २०१५ साली प्रत्येक सभासदास, एवढेच नव्हे तर तीन पौंड भरणाऱ्या समर्थकासही समान मत दिले, आणि बहुसंख्य खासदारांना नको असलेले कॉर्बिन ५९.५ टक्के मतांनी निवडून आले. पुढाऱ्यांना धास्ती असते ती नेमकी याचीच. काँग्रेसला हसण्यापूर्वी समाजवादी म्हणविणाऱ्या पक्षांनी आपापली घटना उघडून अध्यक्षनिवडीचे कलम वाचावे.