नियोजनाची पदवी आणि चिंचवडचा सातबारा

पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेचा प्रारूप विकास आराखडा 2025 च्या मे महिन्यात प्रसिद्ध झाला आणि साऱ्या शहरात एकच खळबळ उडाली. आपले घर निवासी पट्ट्याच्या पिवळ्या रंगात आहे की एखाद्या नियोजित रस्त्याच्या दोन रेघांमध्ये सापडले आहे, हे पाहण्यासाठी लोक आपल्या सातबाऱ्याचा गट क्रमांक नकाशाशी ताडून पाहू लागले. हरकती हजारोंनी दाखल झाल्या. सभा झाल्या, निवेदने दिली गेली, मोर्चे निघाले. आराखड्यात कोणाचे हित पाहिले गेले आणि कोणाचे डावलले गेले, यावर पुष्कळ लिहिले-बोलले गेले. परंतु या सर्व गदारोळात एक साधा प्रश्न कोणी विचारल्याचे आमच्या पाहण्यात आले नाही. हे नकाशे काढण्याची विद्या आपल्याकडे कोठे शिकवितात, कशी शिकवितात, आणि ती शिकून बाहेर पडलेल्या तरुणांचे पुढे होते काय?

नगर व प्रादेशिक नियोजन हा आपल्या विद्यापीठांत पदव्युत्तर अभ्यासाचा विषय आहे, हे आमच्या सुशिक्षित वाचकांपैकीही अनेकांना ठाऊक नसेल. दिल्लीत या विषयाची स्वतंत्र संस्था 1955 मध्ये निघाली. अहमदाबादेत 1972 मध्ये. चिंचवडला तर त्यासाठी दूर जाण्याचेही कारण नाही. चिंचवड स्थानकावर लोकल पकडली की पिंपरी, कासारवाडी, दापोडी, खडकी ही चार स्थानके मागे टाकून गाडी शिवाजीनगरला येते, आणि तेथे जुन्या अभियांत्रिकी महाविद्यालयात, म्हणजे 2022 पासून स्वतंत्र विद्यापीठ झालेल्या सीओईपीत, नगर व ग्राम नियोजनाचा पदव्युत्तर वर्ग भरतो. राज्याच्या नगररचना खात्याचे मुख्य कार्यालयही पुण्यातच आहे. म्हणजे विद्या, खाते आणि प्रयोगभूमी अशा तिन्ही गोष्टी पंधरा-वीस किलोमीटरांच्या आत नांदत आहेत. असे असूनही तिघींची एकमेकींशी ओळख जुजबीच राहिली आहे. आमचे आजचे गाऱ्हाणे नेमके हेच आहे.

गाऱ्हाणे मांडण्यापूर्वी एक गोष्ट कबूल केली पाहिजे. या विषयाचा आपला वारसा दरिद्री नाही. पॅट्रिक गेडिस हा स्कॉटिश विचारवंत 1919 मध्ये मुंबई विद्यापीठात नागरिकशास्त्र व समाजशास्त्र या विभागाचा प्रमुख झाला. गावाला औषध देण्यापूर्वी त्याची नाडी पाहावी, गल्ल्यांतून पायी हिंडावे, विहिरी, देवळे, बाजार आणि माणसांच्या सवयी पाहाव्यात, आणि मगच जरूर तेवढीच कात्री चालवावी, ही त्याची शिकवण. डॉ. घुर्ये हे त्याचेच विद्यार्थी. पुढे पुण्यात धनंजयराव गाडगीळांनी गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या वतीने पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी केली. कुटुंबाकुटुंबांत जाऊन माहिती गोळा करून तयार झालेले ते दोन खंड 1945 आणि 1952 मध्ये प्रसिद्ध झाले. आणि 1965 मध्ये मुंबई-पनवेल व पुणे या दोन प्रदेशांच्या नियोजनाचा विचार करण्यासाठी महाराष्ट्र सरकारने समिती नेमली, तेव्हा तिचे अध्यक्षपदही गाडगीळांकडेच आले. शहराचा विचार शहराच्या वेशीवर थांबत नाही, भोवतीचा प्रदेश एक धरूनच तो केला पाहिजे, हे तत्त्व त्या समितीच्या 1966 च्या अहवालाने सरकारपुढे ठेवले. त्याच वर्षी प्रादेशिक व नगररचना अधिनियम संमत झाला आणि ‘प्रदेश’ हा शब्द कायद्यात आला. अर्थात, कायद्यात आलेला शब्द जमिनीवर यावयास किती काळ लागतो, हे पाहावयाचे असेल तर चिंचवडसारखे दुसरे ठिकाण नाही.

मोरया गोसावींच्या समाधीमुळे आणि चापेकर बंधूंच्या वाड्यामुळे महाराष्ट्राला परिचित असलेले हे पवनाकाठचे गाव. शेजारी पिंपरीत 1954 मध्ये हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सचा कारखाना आला. 1962 मध्ये औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि आकुर्डी, पिंपरी, भोसरी, चिंचवड या गावांच्या शिवारांत कारखान्यांची रांग लागली. 1970 मध्ये नगरपालिका झाली. 1972 मध्ये नवनगर विकास प्राधिकरण निघाले. त्याचा हेतू उदात्त होता: कामगारांना आखीव-रेखीव वसाहतीत परवडणारी घरे मिळावीत. 1982 मध्ये महानगरपालिका आली. ती नांदत असताना प्राधिकरणही नांदतच होते, आणि महामंडळाची हद्द तर दोघांहून निराळी. एका रस्त्याच्या अलीकडे एकाची सत्ता, पलीकडे दुसऱ्याची, आणि गटाराचे पाणी मात्र तिघांच्याही हद्दी न विचारता उताराकडे जाणारे! अखेर 2021 मध्ये प्राधिकरण विसर्जित करून त्याची मालमत्ता पालिका आणि महानगर प्रदेश विकास प्राधिकरण यांच्यात वाटली गेली. ज्यांच्या जमिनी पहिल्या दशकात घेतल्या, त्या शेतकऱ्यांचा साडेबारा टक्के परताव्याचा प्रश्न मात्र त्या संस्थेच्या आयुष्यात सुटला नाही.

कामगारांच्या घरांचे काय झाले, हा या कथेतला सर्वांत बोलका भाग आहे. प्राधिकरणाची घरे हळूहळू निघत होती. कामगारांचे लोंढे थांबत नव्हते. मराठवाडा, खानदेश, सोलापूर, कोकण येथून आलेल्या टर्नर-फिटरला डोक्यावर छप्पर आज हवे होते. त्याने थेरगाव, काळेवाडी, वाल्हेकरवाडी, रहाटणी येथे एक गुंठा, अर्धा गुंठा जमीन साध्या नोटरीच्या कागदावर घेतली, पगारातून विटा आणल्या आणि घर उभे केले. मुलांची लग्ने त्याच घरात झाली. नकाशावर ती जागा कोठे रस्त्याची होती, कोठे उद्यानाची. 2001 मध्ये सरकारला गुंठेवारीचा स्वतंत्र कायदा करावा लागला. अनधिकृत घरांवर लादलेला शास्तीकर 2023 मध्ये माफ करावा लागला. 2017 मध्ये वर्तुळाकार रस्त्यासाठी घरे पाडण्याच्या नोटिसा निघाल्या, तेव्हा कित्येक कुटुंबांना पहिल्यांदाच समजले, की आपण कितीतरी वर्षे एका रेघेवर राहत आहोत. रेघ आधीची की घर आधीचे, हा वाद कायद्याने सुटेल. पण रेघ काढणाऱ्याने तेथे दहा वर्षांनी कोण राहावयास येणार याचा हिशेब केला होता काय, हा प्रश्न विद्येचा आहे.

येथे कोणी म्हणेल, की हे शहराचे झाले, प्रदेशाचे काय? त्याचे उत्तर पवनेच्या पाण्यात आहे. पिंपरी-चिंचवडला पाणी मिळते ते मावळातल्या पवना धरणाचे. धरणातून नदीत सोडलेले पाणी रावेतच्या बंधाऱ्याजवळ उचलले जाते. ते बंद नळातून थेट निगडीपर्यंत आणावे, अशी योजना निघाली. अभियंत्याच्या दृष्टीने ती निर्दोष होती: गळती कमी, प्रदूषण नाही, विजेची बचत. परंतु नदीतून वाहणारे पाणी हे वाटेतल्या गावांचेही पाणी असते, ही गोष्ट कोणत्याही नळाच्या आराखड्यात दाखविता येत नाही. 9 ऑगस्ट 2011 रोजी द्रुतगती मार्गावर मावळच्या शेतकऱ्यांनी आंदोलन केले, पोलिसांनी गोळीबार केला, आणि तीन शेतकरी प्राणास मुकले. योजना वर्षानुवर्षे स्थगित राहिली. 2019 च्या अखेरीपासून शहराला दिवसाआड पाणी आले. शहर तहानलेले राहिले आणि मावळचे घावही बुजले नाहीत. नदीच्या खोऱ्याचा एकत्र विचार करून, शहराचा नळ आणि गावाचा उपसा एकाच कागदावर मांडून दोघांनाही आधी विश्वासात घेणे, यालाच प्रादेशिक नियोजन म्हणतात. ज्या दिवशी ते झाले नाही, त्या दिवशी बंदूक बोलली. नियोजन हा नकाशे रंगविण्याचा छंद नव्हे, हे ज्यांना पटवून द्यावे लागते, त्यांच्यासाठी आम्ही याहून दुसरे उदाहरण शोधणार नाही.

महानगर प्रदेश विकास प्राधिकरण 2015 मध्ये आले, म्हणजे गाडगीळ समितीच्या अहवालानंतर जवळजवळ अर्धशतकाने. त्याचा प्रारूप आराखडा 2021 मध्ये प्रसिद्ध झाला, त्यावरही हरकतींचा पाऊस पडला, आणि 2025 मध्ये तो आराखडाच रद्द झाला. इकडे चाकणला कारखाने येऊन दोन-अडीच दशके उलटली. देशातील आणि परदेशांतील मोटारी तेथे बनतात, आणि त्या नेणारे ट्रक तळेगाव-चाकण-शिक्रापूर रस्त्यावर तासन्‌तास उभे असतात. हिंजवडीत संगणकाचे जागतिक उद्योग आणि ग्रामपंचायतीचा कारभार शेजारी शेजारी चालतात. पावसाळ्यात दोघांच्याही दारात सारखेच पाणी साचते. 2025 च्या फेब्रुवारीत चिखलीच्या कुदळवाडीत हजारो पत्राशेड आणि गोदामे पालिकेने जमीनदोस्त केली. मे महिन्यात त्याच चिखलीत इंद्रायणीच्या पूररेषेत बांधलेले 36 बंगले न्यायालयाच्या आदेशाने पाडले गेले. बंगला बांधणाऱ्याने फसवणूक झाल्याचे सांगितले. भंगारवाल्याने पोट कसे भरावे ते विचारले. पूररेषा तर नकाशावर होती. ती वेळेवर वाचून दाखविणारा माणूस कोठे होता?

या प्रश्नाला आकड्यांत उत्तर मिळते. नीती आयोगाने 2021 मध्ये नागरी नियोजनाच्या क्षमतेविषयी अहवाल प्रसिद्ध केला. त्यानुसार देशभरातील राज्यांच्या नगररचना खात्यांत नियोजनकारांची 3,945 पदे मंजूर होती आणि त्यांतील 42 टक्के रिकामी होती. गरज मात्र 12,000 हून अधिक पदांची होती. कित्येक राज्यांत या पदांसाठी नियोजनाची पदवी ही आवश्यक अट नव्हती, हे तर विशेषच. म्हणजे दोन वर्षे हाच विषय शिकलेला तरुण बाहेर उभा, आणि आत खुर्ची रिकामी! मग तो एखाद्या सल्लागार कंपनीत किंवा बांधकाम व्यावसायिकाच्या कचेरीत जातो, आणि जी नियमावली लोकहितासाठी शिकला तिच्यातील पळवाटा शोधण्यात आपली बुद्धी वेचतो. आम्ही त्याला दोष देत नाही. घरी आई-वडील विचारतात, ‘अरे, यात नोकरी कोठे आहे?’ आणि त्या प्रश्नाला सरकारकडे उत्तर नाही.

तथापि केवळ पदे भरून हे काम होईल, असे आम्हांस वाटत नाही. शिक्षणाचाही दोष आहेच. या वर्गांत प्रवेश मिळतो तो बहुधा अखिल भारतीय परीक्षेतून, शिकविले जाते इंग्रजीतून, आणि प्रबंधांत उदाहरणे येतात सिंगापूर-कोपनहेगनची. ती येऊ द्यावीत. जगाकडे पाठ फिरवून कोणी शहाणा होत नाही. पण सातबारा मराठीत आहे. फेरफार, पोटहिस्सा, पोटखराबा, फाळणीबारा हे शब्द ज्याला कळत नाहीत, त्याला चिखलीच्या किंवा मारुंजीच्या जमिनीचे काहीही कळणार नाही, मग त्याच्या संगणकावर उपग्रहाचे चित्र कितीही स्वच्छ दिसो. त्या चित्रात छप्पर दिसते. छपराखाली भावाभावांचा वाद आहे, बँकेचा बोजा आहे, की कूळ आहे, हे दिसत नाही. हद्दीबाहेरचा विद्यार्थी मराठी शिकून घेईल. तरुण वयात तेवढे अवघड नाही. अडचण ही आहे, की अभ्यासक्रम त्याच्याकडून त्याची अपेक्षाच करीत नाही.

यावर एक आक्षेप आम्ही पुष्कळ वेळा ऐकला आहे. आराखडे बिघडतात ते अज्ञानामुळे नव्हे, राजकारणामुळे. शाळेचे आरक्षण रात्रीतून उठते ते नियोजनकाराला ठाऊक नसते म्हणून नव्हे. या म्हणण्यात पुष्कळ तथ्य आहे, आणि ते नाकारण्याचा भाबडेपणा आम्ही करणार नाही. पण आरक्षण उठविणे सोपे केव्हा जाते? त्या वस्तीत शाळेत जाणारी मुले किती, त्यांना आज किती दूर चालावे लागते, याची नोंद कोणत्याही फाइलीत नसते तेव्हा. गाडगीळांच्या पाहणीसारखी घराघरांतून गोळा केलेली माहिती कागदावर असली, तर तिच्यावर शाई फिरविणाऱ्याला निदान सही करावी लागते, आणि ती सही न्यायालयात दाखविता येते. राजकारणाला विद्या थांबवू शकत नाही हे खरे; पण तिच्यामुळे त्याला अंधारात काम करणे कठीण होते.

पुणे महानगर प्रदेशाचा आराखडा रद्द झाला आहे. ते काम आज ना उद्या नव्याने हाती घ्यावेच लागेल. शासनाने त्यासाठी सल्लागारांची निविदा काढण्यापूर्वी शिवाजीनगरच्या वर्गाला पाचारण करावे. विद्यापीठाने आपल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे पहिले सत्र चाकण, मावळ आणि पवना-इंद्रायणीच्या काठावर भरवावे. त्या सहा महिन्यांत त्यांना नकाशा काढू देऊ नये, फक्त तलाठ्याचे दप्तर वाचू द्यावे, भूमिअभिलेखच्या मोजणीदाराबरोबर बांधावर जाऊ द्यावे, गुंठेवारीतल्या घरात बसून घरधन्याचे म्हणणे लिहून घेऊ द्यावे. नगररचना खात्याने रिकाम्या पदांपैकी काही या पदवीधरांसाठी राखावीत आणि त्यांची पहिली नेमणूक हरकतींच्या सुनावणीच्या खोलीत करावी. तेथे समोर बसलेला माणूस आपला उतारा टेबलावर ठेवून विचारतो, ‘साहेब, ही रेघ आमच्याच घरावरून का?’ त्या वेळी उत्तर देण्याची जबाबदारी रेघ काढणाऱ्यावरच असावी.